खिसा आहे का?

सोमवार, सकाळचे पावणेसहा. बाहेर धो धो पाऊस. मी अलिबागच्या घरात कपाटासमोर उभी, केस ओले, एका हातात चहाचा कप. मांडव्याची बोट पकडायची तर पंधरा मिनिटांत घराबाहेर पडायला हवं. हँगरवरचा काळा ब्लेझर ओढला आणि... ईऽऽऽ! कॉलरवर, बाह्यांवर, खिशांच्या कडांवर पांढरी पांढरी बुरशी. जणू कुणीतरी त्यावर पिठीसाखर भुरभुरवली होती.

आई मागून डोकावली. तिनं ब्लेझरकडे बघितलं, मग माझ्याकडे आणि अगदी शांतपणे म्हणाली, "अगं, समुद्राकाठी राहतेस. लोकरीचं कापड कपाटात कोंडून ठेवशील तर दुसरं काय होणार?"

मुली, हा ब्लेझर मी हौसेनं घेतला नव्हता हो. त्याच्यामागे एक अख्खी स्टोरी आहे. आज तीच सांगते.

त्याचं असं झालं, एप्रिलमध्ये माझं अप्रेझल होतं. फोर्टमधलं ऑफिस, काचेची केबिन, समोर साहेब. वर्षभराच्या कामाचं कौतुक झालं. रिपोर्ट वेळेवर, आकडे चोख, टीम खूश. मी मनातल्या मनात प्रमोशनची पार्टी कुठे द्यायची ते ठरवत होते. तेवढ्यात साहेब खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "एकच गोष्ट. तू जरा क्लायंटसमोर जाण्यासारखी दिसत नाहीस. म्हणजे, यू नो, प्रेझेन्स..."

आय डिडन्ट नो! मी तेव्हा इस्त्री केलेला निळा कॉटनचा कुर्ता, पांढरी पँट आणि कोल्हापुरी घातली होती. कुर्ता माझ्या आवडीचा. स्वच्छ. एकही डाग नाही. पण त्या एका वाक्यानंतर तो अंगावर एकदम वाईट दिसायला लागला. लिफ्टच्या आरशात बघितलं तर मलाच वाटलं, ही कोण बाई पंचायत समितीत अर्ज द्यायला निघाल्यासारखी?

तुमच्यापैकी किती जणींना हे झालंय, हात वर करा. कामाबद्दल कुणी बोललं तर आपण वाद घालू शकतो, मेल दाखवू शकतो. पण दिसण्याबद्दल बोललं की आपण गप्प. कारण त्याला उत्तरच नसतं. आपण थेट दुकान गाठतो.

मीही गाठलं. एका शनिवारी लोअर परळच्या मॉलमध्ये तीन तास घालवले. काळा ब्लेझर, राखाडी ट्राउझर, टोकदार बूट. सेल्सगर्ल म्हणाली, "मॅम, एकदम बॉस-लेडी!" नुसत्या ब्लेझरचं बिल ६,८०० रुपये. आमच्या ऑफिसात एसी इतका गार असतो की ब्लेझर लागतो, हेही मी स्वतःला पटवलं. नंतर पावसाळा लागला आणि बुरशीनं त्याचा ताबा घेतला तोपर्यंत मी तो बरोब्बर आठ वेळा घातला होता. हिशेब करा, एका वेळेला ८५० रुपये. तेवढ्यात मी आणि आई अलिबागच्या खाणावळीत पापलेटचं ताट खाऊन वर सोलकढी मागवली असती.

तर त्या सोमवारी मी तोच जुना निळा कुर्ता घालून निघाले. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, त्यामुळे भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो हाच आधार. ही रो-रो २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली म्हणून माझ्यासारख्या मुलींना आठवड्यातले चार दिवस अलिबागला राहून मुंबईची नोकरी करता येते. तासाभराचा प्रवास. बोटीत बसून मी आजूबाजूच्या बायकांचे कपडे बघत होते. अर्ध्याअधिक जणींच्या अंगावर ऑफिसचे कपडे आणि पायात रबरी चप्पल, चांगले बूट पिशवीत. एकीनं ट्राउझर गुडघ्यापर्यंत दुमडली होती. कपड्यांच्या मासिकांत असले फोटो कधी येत नाहीत, पण आमच्या किनाऱ्याची खरी ऑफिस फॅशन हीच!

कंबरेची चंची

पुढच्या रविवारी आई म्हणाली, सोडे आण. जून-जुलैत मासेमारी बंद असते, मग आमच्या घरात सुक्या मासळीचे दिवस. बाजारात नेहमीच्या मावशींकडे गेले. मावशी म्हणजे साठी पार केलेल्या, हिरवं लुगडं, घट्ट कासोटा, गुडघ्याच्या जरा खाली, नाकात नथ. पावसात, चिखलात, ओल्या फरशीवर बसून तासन्‌तास धंदा. लुगड्याला एक सुरकुती म्हणून नाही. मी सुट्टे शोधत होते. पर्स उघड, आतली छोटी पर्स उघड, तिची चेन अडकलेली, छत्री मानेत धरलेली.

मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "काय गो पोरी, एवढी शिकलीस, एवढी महाग पँट घालतस, त्याला खिसा नाय?"

खरंच नव्हता. होता, पण दाखवण्यापुरता. शिवून बंद केलेला. ४,००० रुपयांच्या ट्राउझरचा खिसा खोटा! मावशींनी कंबरेला खोचलेली चंची काढली, दोन बोटांनी उघडली, नोटा मोजल्या, परत खोचली. पाच सेकंद. दोन्ही हात मोकळे.

मला एकदम उमगलं की या बाईचे कपडे तिच्या कामासाठी बनलेत. कासोटा असा की गुडघाभर पाण्यात उतरता येतं, पाटी डोक्यावर घेऊन चालता येतं, मांडी घालून बसता येतं, उठून पळताही येतं. आणि त्यातही रंग, काठ, फुलांची वेणी, सोनं सगळं आहे. "प्रेझेन्स" म्हणतात तो हाच की! त्या बाजारात मावशी बसल्यात हे तुम्हाला वीस फुटांवरून कळतं.

आणि माझे कपडे कशासाठी बनलेत? एका माणसाला एका केबिनमध्ये मी बरी दिसावी म्हणून.

आईचं कपाट

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. चौलच्या बाजूला. ३१ वर्षं नोकरी केली, २०१६ ला रिटायर झाली. चौल म्हणजे आजच्या मुंबईकरांना नारळीपोफळीच्या वाडीतला होम-स्टे. पण एकेकाळी हे मोठं बंदर होतं, पोर्तुगीजांच्या काळात इथलं रेशमी कापड समुद्रापार जायचं. सतराव्या शतकात इथले विणकर मुंबईत जाऊन वसले. म्हणजे कपड्यांसाठी चौलहून मुंबईला जाणारी मी पहिली नाही!

आईच्या शाळेच्या साड्या मोजून सहा. सोमवार ते शनिवार. सगळ्या सुती किंवा सुतीत थोडी भेसळ असलेल्या. तांदळाच्या पेजेची खळ, सावलीत वाळवणं, गादीखाली घडी. लहानपणी मला याची लाज वाटायची. मैत्रिणीची आई दर आठवड्याला नवी साडी नेसायची आणि माझ्या आईची साडी बघून मुलं वार ओळखायची. "आज बाई जांभळ्या साडीत, म्हणजे गुरुवार."

मी एकदा चिडून विचारलं होतं, "तुला कंटाळा नाही येत?" तेव्हा ती म्हणाली होती, "पहिलीची पोरं असतात गं. पहिल्यांदा आईला सोडून आलेली. त्यांना रोज सकाळी ओळखीचं काहीतरी दिसायला हवं."

हे वाक्य मला तेव्हा समजलं नव्हतं. आता वाटतं, पर्सनल स्टाइल याची एवढी सोपी व्याख्या कुठल्याच स्टायलिस्टनं केली नसेल.

हिशेब पुढे चालू. आईची गुरुवारची जांभळी साडी ४०० रुपयांची. वर्षाचे साधारण ४० गुरुवार, दहा वर्षं. म्हणजे ४०० वेळा नेसली. एका वेळेला एक रुपया! माझा ब्लेझर तिथेच ओशाळला असणार.

पण थांबा, आईच्या साड्यांचं गोड गोड कौतुक करून मी सुटणार नाही. कारण त्या कपाटाला दुसरी बाजूही आहे. १९९४ मध्ये आईच्या शाळेत एक नवीन तरुण शिक्षिका आल्या. दुसऱ्या गावाहून यायच्या, वाटेत ओढा. त्या एके दिवशी पंजाबी ड्रेस घालून आल्या. मुख्याध्यापकांनी सगळ्या स्टाफसमोर त्यांना सुनावलं, हे शोभत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या साडीत. पावसात ओढा ओलांडून, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या निऱ्या घेऊन वर्गात उभ्या. आई तेव्हा गप्प बसली. "मी बोलायला हवं होतं," असं ती मला गेल्या वर्षी म्हणाली. तीस वर्षांनी!

गंमत बघा. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं शिक्षकांसाठी पोशाखाच्या सूचना काढल्या. त्यात बायकांसाठी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा असं स्पष्ट लिहिलंय. ज्या कपड्यांसाठी १९९४ मध्ये एकीला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली, तेच कपडे आज नियमात बसतात. जीन्स-टीशर्ट मात्र नको म्हणे. तीस वर्षांनी त्याचंही बघू!

अलिबागची आनंदी

कपड्यांचा विषय निघाला की मला आमच्या गावाशी नातं असलेली एक मुलगी आठवते. आनंदीबाई जोशी. डॉक्टर आनंदीबाई कल्याणच्या हे सगळ्यांना माहीत असतं, पण नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला आणि बदली अलिबागला झाली म्हणून ती लहानपणीच इथे राहायला आली. तिच्या शिक्षणाच्या सुरुवातीच्या गोष्टीत आमचं अलिबाग आहे. कुलाबा किल्ल्याकडे बघत मी संध्याकाळी चालते तेव्हा हमखास मनात येतं, याच हवेत तिच्याही साड्या लवकर वाळल्या नसतील.

एप्रिल १८८३ मध्ये, जेमतेम १८ वर्षांची असताना, ती कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाली. नवऱ्याशिवाय. त्याआधी फेब्रुवारीत सेरामपूरला तिनं जाहीर भाषण केलं होतं. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं तिनं सांगितलं. त्यात कपडेही आलेच. ती फिलाडेल्फियाला नऊवारी घेऊन गेली.

आणि मग आला तिथला हिवाळा. नऊवारीचा कासोटा म्हणजे पोटऱ्या उघड्या. आपल्याकडे सोय, तिथे हाडं गोठायची पाळी. शिवाय तिथल्या लोकांच्या नजरेला बाईचे पाय दिसणं म्हणजे अशिष्टपणा! म्हणजे जे वस्त्र इथे मर्यादेचं, तेच तिथे मर्यादा सोडलेलं. मग तिनं काय केलं? गाऊन नाही घातला. साडीही नाही सोडली. गुजराती पद्धतीनं, गोल, पाय झाकणारी साडी नेसायला लागली. एवढाच बदल.

ऑक्टोबर १८८५ चा तो प्रसिद्ध फोटो तुम्ही पाहिला असेल. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या तीन विद्यार्थिनी. आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली होती. पण क्षयानं गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता.

शाळेत मला हा धडा शिकवला तेव्हा सगळा भर त्यांच्या साडीवर होता. परदेशात जाऊनही साडी सोडली नाही हो! आता पुन्हा विचार करते तेव्हा मला त्यांचा तो छोटासा बदल जास्त आवडतो. एका बाजूला इथले लोक टपलेले, बघू ही बाई कशी बदलते. दुसऱ्या बाजूला तिथले लोक टपलेले, बघू ही बाई कधी बदलते. मधे ही विशीतली मुलगी. थंडी वाजतेय, परीक्षा जवळ आलीय, अभ्यास करायचाय. तिनं दोघांचंही ऐकलं नाही. पायांना ऊब मिळेल असं काहीतरी केलं आणि पुस्तक उघडलं.

आईचा खांदा

आता या स्टोरीतला खरा भाग. गेल्या दिवाळीपासून आईचा उजवा खांदा आखडलाय. फ्रोझन शोल्डर. हात वर जात नाही, मागे तर अजिबात नाही. फिजिओथेरपी चालू आहे. पण साडी नेसणं बंद झालं. पदर खांद्यावर टाकायचा तर हात वर हवा, ब्लाउजमध्ये हात घालायचा तर तो मागे न्यायला हवा. ती घरात गाऊनवर राहायला लागली. मग हळूहळू घराबाहेर पडेनाशी झाली. भिशी बंद, देवळात जाणं बंद. विचारलं की म्हणायची, "पाऊस आहे." पाऊस नव्हता तेव्हा म्हणायची, "ऊन आहे."

मला वाटलं दुखण्यामुळे. ऑगस्टमध्ये तिच्या शाळेचं आमंत्रण आलं. जुन्या शिक्षकांचा सत्कार. तिनं पत्रिका फ्रिजच्या वर ठेवून दिली आणि म्हणाली, "मी नाही जात." मी म्हटलं, "मी नेसवते ना साडी." नेसवायला घेतली. अर्ध्यात तिच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखल्यामुळे. मी थांबले. ती पलंगावर बसली, अंगावर अर्धी जांभळी साडी, आणि म्हणाली, "साडीशिवाय गेले तर पोरं ओळखणार नाहीत मला."

मला काय बोलावं सुचेना. जी बाई मला ब्लेझरवरून हसली होती, तीच आपल्या कपड्यात अशी अडकून बसली होती. आणि मला कळलं की आम्ही दोघी एकाच कपाटात कोंडल्या गेलोय. मला वाटतं, अमुक कपडे घातल्याशिवाय मला कुणी मानणार नाही. तिला वाटतं, अमुक कपडे घातल्याशिवाय मला कुणी ओळखणार नाही.

मी तिला आनंदीबाईंच्या गोल साडीची गोष्ट सांगितली. ३१ वर्षं शिक्षिका असलेल्या बाईला मी इतिहास शिकवत होते! तिनं ऐकून घेतलं. "मला माहितीये गं," म्हणाली. मग बराच वेळ गप्प. आणि मग म्हणाली, "आपल्या शिंप्याला सांग, पुढून बटणं असलेला कुर्ता शिवायला. हात मागे न्यावा लागणार नाही असा."

"कापड?"

तिनं जांभळ्या साडीकडे बघितलं. "हीच फाड."

मला फाडवेना, शिंप्यालाही फाडवेना. पण आईनं स्वतः डाव्या हातानं कात्री धरली आणि पहिला काप दिला. पुढून बटणं, सैल बाही, आणि बाजूला खिसा. खिसा मी सांगितला. मासळीवाल्या मावशींना स्मरून, खोल, मोबाइल आणि चष्मा दोन्ही मावतील असा.

सत्काराला मी बरोबर गेले. गेटवर रिक्षातून उतरलो तर एक मुच्छड माणूस, कडेवर पोरगी, धावत आला. "बाई! आज गुरुवार नाही हो!"

आई इतकी हसली की खांद्यातून कळ आली.

आणि माझं प्रेझेंटेशन?

विसरले नाहीये. सप्टेंबरमध्ये मोठ्या क्लायंटसमोर सादरीकरण होतं. साहेबांनी मुद्दाम मलाच दिलं. म्हणजे संधी की परीक्षा, ते मला अजून कळलेलं नाही.

आदल्या रात्री मी पुन्हा कपाटासमोर. ब्लेझर ड्रायक्लीन होऊन आला होता. घालावा का? स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या, हा किस्सा सगळ्यांना माहितीये. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आपण सगळ्यांनी तेच केलं, वर फॉर्मल कुर्ता, खाली पायजमा. म्हणजे दाखवण्यापुरते कपडे आपण सगळेच घालतो, त्यात लाज कसली? लाज तेव्हा, जेव्हा आपण विसरतो की खाली जीन्स आपलीच आहे.

मी ठरवलं, एक प्रश्न विचारायचा. फक्त एकच. या कपड्यात मला उद्या दिवसभर कपड्यांचा विचार करावा लागेल का? ब्लेझरमध्ये लागला असता. बाही वर कर, खाली ओढ, बटण लाव, काढ. म्हणून तो हँगरवर राहिला. मी नवा शिवलेला कुर्ता घातला, गडद निळा, कडक इस्त्री, सरळ पँट. आईच्याच शिंप्याकडचा, खिशासकट. पण टोकदार बूट सोडून साधे बंद बूट घातले, कारण खरं सांगायचं तर कोल्हापुरी त्या गुळगुळीत फरशीवर घसरते. साहेबांचं सगळंच चुकलं होतं असं नाही. एप्रिलमधला माझा कुर्ता तीन वर्षं जुना होता, खांद्यावर उतरलेला. ते मला कुणीतरी नीट, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं होतं. "खांद्यातून उतरलाय" हे दुरुस्त करता येतं. "प्रेझेन्स नाही" याचं मी काय करू?

प्रेझेंटेशन झालं. चाळीस मिनिटं. क्लायंटच्या बाईंनी बाराव्या स्लाइडवरच्या आकड्यांबद्दल तीन अवघड प्रश्न विचारले. दोनांची उत्तरं मला आली, तिसऱ्यासाठी दोन दिवस मागितले. चहाच्या वेळी त्याच बाई माझ्याजवळ आल्या. मी रिमोट खिशात टाकत होते. त्या हळूच म्हणाल्या, "खिसा आहे? कुठून घेतला?"

साहेब कपड्यांबद्दल काही बोलले नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही. प्रमोशनचा निकाल दिवाळीनंतर. मिळालं तर पार्टी, नाही मिळालं तर मी जाऊन विचारणार आहे, नक्की काय कमी पडलं, आकड्यांत सांगा. त्या दिवशीही हाच कुर्ता घालेन.

जाता जाता, समुद्राकाठच्या मुलींसाठी

पावसाळ्यात कपाट दिवसातून थोडा वेळ उघडं ठेवा. कपडे दाटीवाटीनं कोंबू नका, हवा खेळू द्या. नव्या बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, कपाटात टाका. जरीच्या साड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नकोत, जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवर चिरतात. डांबरगोळी जरीला थेट लागू देऊ नका. खाऱ्या हवेत सेफ्टीपिना गंजतात, साडीत लावून ठेवल्या की डाग पडलाच म्हणून समजा. वापरून झाल्या की काढा. आणि ओलसर कपडा "उद्या वाळेल" म्हणून कपाटात ठेवू नका. तो वाळत नाही, शेजारच्यांनाही बिघडवतो. ऑफिसातल्या काही माणसांसारखा!

आणि शिंप्याकडे जाल तेव्हा लाजू नका. ठणकावून सांगा, खिसा हवा. खरा. हात आत जाईल असा.

आईच्या कपाटात आता पाच साड्या आणि एक कुर्ता आहे. गुरुवारी ती तोच घालते.